पेटंट मिळालं म्हणजे यंत्र खरं ठरलं का? ‘ई-कॅट’ हीटरची गोष्ट

‘याला अमेरिकेचं पेटंट आहे.’ हे एक वाक्य ऐकलं की शंका काढणारा माणूसही जरा गप्प होतो. सरकारी शिक्का, नंबर, इंग्रजीतला कागद, आणखी काय पाहिजे? पाण्यावर चालणारी गाडी असो, वीजबिल अर्धं करणारा डबा असो की ‘इंधनाशिवाय वीज’ देणारी मशीन, विकणारा सगळ्यात आधी पेटंटचाच कागद पुढे करतो. आखातात वर्षानुवर्षं घाम गाळून जमवलेला पैसा, मुलीच्या निकाहसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, निवृत्त झालेल्या अब्बांचा फंड अशा एखाद्या कागदावर विश्वास ठेवून लावला जाऊ शकतो. म्हणून पेटंटचा कागद नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी आम्ही जगभर गाजलेलं एक खरं प्रकरण निवडलं आहे: इटलीच्या आंद्रेआ रोसी यांचं ‘ई-कॅट’ नावाचं हीटर.

काय होता दावा?

१४ जानेवारी २०११ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात रोसी यांनी एक यंत्र दाखवलं. त्यांच्यासोबत बोलोन्या विद्यापीठाचे ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ सर्जिओ फोकार्डी होते. दावा असा होता की निकेल धातूची बारीक भुकटी आणि हायड्रोजन वायू एका बंद नळीत ठेवून बाहेरून थोडी वीज दिली, की आत अणुकेंद्राच्या पातळीवरची प्रक्रिया सुरू होते आणि दिलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता बाहेर पडते. आत जाते काही शे वॅट वीज, बाहेर येते दहा किलोवॅटहून जास्त उष्णता. धूर नाही, धोकादायक किरणं नाहीत, अणुकचरा नाही.

हे खरं असतं तर घराघरातला गिझर, कारखान्यातला बॉयलर, थंड देशांतली हीटिंग, सगळंच बदललं असतं. तेलावर चालणाऱ्या देशांचं अर्थकारणही हललं असतं. इतका मोठा दावा असल्यामुळेच त्याची तपासणीही तितकीच कडक व्हायला हवी होती.

शास्त्रज्ञ का बिचकले?

शाळेत शिकल्याप्रमाणे अणुकेंद्रात प्रोटॉन असतात आणि त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. हायड्रोजनच्या केंद्रात एक प्रोटॉन, निकेलच्या केंद्रात २८. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे हायड्रोजनचं केंद्र निकेलच्या केंद्रात घुसवायचं तर प्रचंड ऊर्जा लागते. सूर्याच्या पोटात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला साधे हायड्रोजनचेच कण एकमेकांत मिसळतात, तेही अगदी सावकाश. मग टेबलावरच्या नळीत हे कसं होणार? आणि झालंच, तर अशा प्रक्रियेत सहसा बाहेर पडणारी गॅमा किरणं कुठे गेली?

या वादाची मुळं जुनी आहेत. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की जड पाणी आणि पॅलेडियम धातू वापरून आम्ही साध्या तापमानाला अणुसंमीलन घडवलं आहे. याला ‘कोल्ड फ्यूजन’ म्हणजे शीत संमीलन असं नाव पडलं. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. आपल्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या वेळचे संचालक पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी प्रयोग झाले, त्यांचा अहवालही निघाला आणि त्यात काही अनपेक्षित निरीक्षणांची नोंद झाली. पण नामवंत प्रयोगशाळांपैकी बऱ्याच जणांना तोच परिणाम पुन्हा मिळाला नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नेमलेल्या समितीलाही १९८९ च्या अखेरीस ठोस पुरावा सापडला नाही. पुढे या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ‘लो एनर्जी न्यूक्लिअर रिअ‍ॅक्शन’, थोडक्यात ‘लेनर’, हे नवं नाव घेतलं. ई-कॅट हे त्याच घराण्यातलं.

खरा प्रश्न मोजमापाचा

‘पाणी उकळताना डोळ्यांनी दिसलं’ हा पुरावा होत नाही. आत किती वीज गेली आणि बाहेर किती उष्णता आली, याचा हिशेब लागला पाहिजे. इथेच मोठी गफलत होऊ शकते.

घरच्या विजेच्या युनिटमध्ये बोलू. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण एक दशांश युनिट लागतं. पण ते सगळं पाणी वाफ करून उडवायचं असेल तर त्यावर आणखी सहा दशांश युनिटहून थोडं जास्त लागतं. म्हणजे गरम पाणी आणि पूर्ण कोरडी वाफ यांच्या हिशेबात जवळजवळ आठ पटींचा फरक आहे. समजा नळीतून वाफेबरोबर बरंचसं उकळतं पाणीही वाहून जातंय आणि आपण गृहीत धरलं की सगळी वाफच आहे, तर कागदावर उष्णता कित्येक पट फुगते. २०११ च्या प्रयोगांवर नेमका हाच आक्षेप घेतला गेला. वाफ कोरडी आहे हे ठरवायला हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण वापरलं होतं आणि वाफेबरोबर किती पाणी वाहून जातंय हे अशा उपकरणाने कळत नाही, असं टीकाकारांचं म्हणणं होतं.

२०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात इटली आणि स्वीडनच्या काही संशोधकांनी ३२ दिवस चाचणी घेतली. दिलेल्या ऊर्जेच्या तिप्पटीहून जास्त ऊर्जा बाहेर आली असा त्यांचा निष्कर्ष होता. पण इथे उष्णता मोजली होती थर्मल कॅमेऱ्याने. असा कॅमेरा पृष्ठभागावरून येणाऱ्या किरणांवरून तापमानाचा अंदाज बांधतो आणि तो पृष्ठभाग किती प्रमाणात किरणं सोडतो हा आकडा माणसाला भरावा लागतो. तो आकडा चुकला तर तापमान चुकतं. त्यात आणखी एक गंमत म्हणजे तप्त वस्तूतून बाहेर पडणारी किरणांची शक्ती तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. केल्विनमधल्या तापमानात १० टक्के चूक झाली तर शक्तीच्या हिशेबात ४६ टक्के चूक होते. शिवाय यंत्रात इंधन भरताना आणि काढताना रोसी स्वतः हजर होते. मग चाचणीला ‘स्वतंत्र’ म्हणायचं कसं, हा प्रश्न उरलाच.

यावरून रोसींनी मुद्दाम फसवलं असं सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. मोजणाऱ्याची नियत साफ असूनही आकडा चुकू शकतो. म्हणूनच यंत्र बनवणाऱ्याचा हात न लागता, वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या जागी मोजणी करून घेतात.

तीन दारं, तीन उत्तरं

आता पेटंटकडे वळू. पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने आपलं गुपित कागदावर इतकं स्पष्ट लिहायचं, की त्या धंद्यातला जाणकार माणूस ते वाचून वस्तू बनवू शकेल. त्या बदल्यात सरकार त्याला, सहसा अर्ज केल्यापासून २० वर्षं, दुसऱ्यांना ती वस्तू बनवण्यापासून आणि विकण्यापासून रोखण्याचा हक्क देतं. शेताला घातलेल्या कुंपणासारखं हे आहे. कुंपणावरून हद्द कळते, पीक कसं आलंय ते कळत नाही.

रोसींच्या निकेल-हायड्रोजन प्रक्रियेचा पहिला अर्ज २००८ मध्ये इटलीत दाखल झाला आणि २०११ मध्ये तिथे पेटंट मिळालं. पण हा अर्ज इटलीच्या जुन्या पद्धतीतला होता. तिथे कागदपत्रं नियमानुसार आहेत की नाहीत एवढंच प्रामुख्याने बघत. १ जुलै २००८ नंतरच्या अर्जांसाठी मात्र युरोपियन पेटंट ऑफिसकडून शोधअहवाल मागवण्याची पद्धत सुरू झाली.

त्याच शोधाच्या आंतरराष्ट्रीय अर्जावर तपासनीसांचा शेरा प्रतिकूल आला. मुद्दा असा, की हे वाचून जाणकार माणसाला यंत्र बनवता येईल एवढी माहितीच दिलेली नाही. कोणता उत्प्रेरक वापरला, हे रोसी व्यापारी गुपित म्हणून लपवत होते. गुपितही राखायचं आणि पेटंटही घ्यायचं, असं चालत नाही.

अमेरिकेतही निकेल-हायड्रोजनचा तो मूळ अर्ज अडला. तिथला कायदा म्हणतो, शोध उपयुक्त असला पाहिजे, म्हणजे निदान चालला पाहिजे. शाश्वत गतीची यंत्रं आणि शीत संमीलन यांचे अर्ज तिथे खास संशयाने बघितले जातात. मिचेल स्वार्ट्झ यांच्या शीत संमीलनाच्या अर्जावरचा नकार २००० मध्ये तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने कायम ठेवला होता. त्याआधी जोसेफ न्यूमन नावाच्या संशोधकाने घेतलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा देणाऱ्या यंत्राचा दावा केला, तेव्हा न्यायालयाच्या आदेशावरून सरकारी मानक संस्थेने यंत्र तपासलं. १९८६ मध्ये निकाल आला: बाहेर येणारी ऊर्जा आत जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमीच आहे.

मग २०१५ मध्ये काय मिळालं?

२५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने रोसींना पेटंट क्रमांक ९११५९१३ दिला. बातमी पसरली, ‘ई-कॅटला अमेरिकेची मान्यता!’ समर्थकांनी जल्लोष केला.

पण त्या पेटंटचं नाव आहे ‘फ्लुइड हीटर’, म्हणजे द्रव तापवणारं यंत्र. त्यात कशाचा हक्क मागितला आहे? पाण्याची टाकी, त्यात इंधनाची चपटी वडी, तिला तापवण्यासाठी विजेचा रोधक किंवा दुसरं साधन, वडीत लिथियम आणि लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड, उत्प्रेरक म्हणून निकेलच्या गटातला धातू, तापमान मोजणारा सेन्सर आणि नियंत्रक. ‘आम्ही शीत संमीलन घडवतो’ असा दावा त्यात केलेला नाही.

इथेच सगळी मेख आहे. विजेचा रोधक असलेलं यंत्र पाणी तापवणारच, आपल्या घरातला गिझरही तापवतो. अशा यंत्राला ‘निरुपयोगी’ म्हणून नाकारायला आधार उरत नाही. ते विशिष्ट मिश्रण आणि ती मांडणी नवी आहे का, एवढाच मुख्य प्रश्न राहतो. वादाचा मुद्दा अर्जातून बाजूला ठेवला की दार उघडतं. पण मग त्या पेटंटमधून वादाच्या मुद्द्यावर उत्तरही मिळत नाही. पेटंट हीटरच्या मांडणीला मिळालं आणि लोकांनी ते अणुऊर्जेच्या दाव्याला मिळालं असं समजून घेतलं.

एक सावधगिरीची सूचना. हे वाचून कुणी हुशार मुलाने घरी प्रयोग करायला जाऊ नये. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड पाण्याला लागलं की जोरात हायड्रोजन सोडतं आणि पेटू शकतं.

पैसा आणि कोर्ट

या प्रकरणात जो पैसा गुंतला तो काही खेड्यातल्या भोळ्या माणसाचा नव्हता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ‘इंडस्ट्रियल हीट’ कंपनीने २०१२ मध्ये रोसींशी करार केला आणि टप्प्याटप्प्याने १ कोटी १५ लाख डॉलर दिले. वर्षभराची चाचणी यशस्वी झाली तर आणखी ८ कोटी ९० लाख डॉलर द्यायचे ठरले होते.

ही चाचणी फ्लोरिडात मायामीजवळच्या डोरल इथे २०१५-१६ मध्ये झाली. यंत्र उत्तम चालल्याचा अहवाल आला. कंपनीने मात्र उरलेले पैसे दिले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये रोसी कोर्टात गेले. कंपनीने उलट दावा ठोकला की मोजमाप विश्वासार्ह नव्हतं आणि ज्या ‘ग्राहका’ला ही उष्णता पुरवली जात होती, तो स्वतंत्र ग्राहक नव्हताच. रोसींनी हे आरोप फेटाळले. खटल्याची सुनावणी सुरू झाल्यावर लगेचच, जुलै २०१७ मध्ये, समझोता झाला. परवाना रोसींकडे परत गेला. यंत्र खरंच चालतं का, याचा निकाल कोर्टाने दिलाच नाही.

बघा, वकील, इंजिनिअर, सल्लागार सगळे हाताशी असलेली कंपनी एवढी रक्कम दिल्यानंतर मोजमापावरून भांडत बसली. मग आपल्यासारख्या कुटुंबाने, ज्यांच्याकडे एकच बचत आहे, किती जपायला हवं?

दुसरीकडे, गूगलच्या मदतीने सुमारे ३० संशोधकांच्या गटाने काही वर्षं या विषयावर गुपचूप काम केलं. खर्च सुमारे १ कोटी डॉलर. हायड्रोजनमध्ये धातूंची भुकटी तापवण्याचे शेकडो नमुनेही त्यांनी तपासले. मे २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांनी लिहिलं की शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही, मात्र या वाटेवर अभ्यास करण्यासारखं बरंच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एका संस्थेने याच क्षेत्रातल्या आठ प्रकल्पांना मिळून १ कोटी डॉलर दिले. म्हणजे संशोधनाचं दार बंद नाही. पण सरकार किंवा मोठी कंपनी शोधासाठी पैसा घालते तेव्हा उत्तर ‘नाही’ आलं तरी तिला चालतं. ‘हमखास नफा’ सांगून घरगुती बचत मागितली जाते तेव्हा ते चालत नाही.

आपल्या देशातला कायदा

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (क्रमाने पहिलीच तरतूद) सांगतं की निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा शोध मानला जाणार नाही. अणुऊर्जेशी संबंधित शोधांवर कलम ४ ने दीर्घकाळ बंदीच घातली होती. आणि कलम १३ मधली एक ओळ तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तिचा आशय असा, की पेटंट ऑफिसने तपासणी केली म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी मिळाली असं समजू नये आणि त्याबद्दल सरकार जबाबदार राहणार नाही. जिथे पेटंट वैध आहे याचीही हमी नाही, तिथे यंत्र चालेल आणि धंदा होईल याची हमी कुठून येणार?

आणखी दोन गोष्टी. अमेरिकेचं पेटंट भारतात लागू होत नाही, प्रत्येक देशाचं वेगळं. आणि नुसता अर्जाचा नंबर म्हणजे पेटंट नव्हे. अर्ज कुणीही करू शकतो. ‘पेटंट पेंडिंग’ याचा अर्थ निकाल अजून लागायचा आहे, इतकाच.

दीन काय सांगतो?

इस्लाममध्ये संशोधकाच्या हक्काला नकार नाही. इस्लामी देशांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला, की लेखन, शोध, व्यापारी नाव यांचे हक्क हे मालमत्तेसारखे आहेत आणि त्यांचं उल्लंघन जायज नाही. त्याच ठरावात व्यापारी नावासारखा हक्क पैसे घेऊन दुसऱ्याला देताना त्यात गरर म्हणजे घातक अनिश्चितता, तदलीस म्हणजे लपवाछपवी, आणि धोकेबाजी नसावी, ही अट घातलेली आहे. हक्काची इज्जत आणि मालाची पारख, दोन्ही एकत्र.

रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा बाजारातला वाकिआ आपण सगळ्यांनी ऐकलाय. धान्याचा ढीग वरून कोरडा होता. त्यांनी हात आत घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वरचं बघून ते थांबले नाहीत, हे आपल्यासाठी मोठं सबक आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, तर सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीसारख्या मोठ्या विद्वानाच्या लिखाणावर शंका उपस्थित करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि प्रकाशाचा अभ्यास प्रयोगातून केला. मोठ्या नावापुढे मान झुकवून गप्प बसणं ही आपली परंपरा नाही.

कागद समोर आला तर हे विचारा

उद्या मामू, चाचा किंवा जमातमधला एखादा ओळखीचा भाई असा कागद घेऊन आला तर त्याचा अपमान करायची गरज नाही. बहुतेक वेळा त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. शांतपणे एवढं विचारा:

१. पेटंट मंजूर झालंय की फक्त अर्ज केलाय? कोणत्या देशात? नंबर द्या. भारतीय पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो.

२. पेटंटमधल्या दाव्यांच्या यादीत नेमकं काय लिहिलंय? जे विकताय तेच का? इंजिनिअरिंग शिकणारा घरातला मुलगा किंवा मुलगी हे वाचून सांगू शकते.

३. मोजणी कुणी केली? यंत्र बनवणाऱ्याशी त्याचा पैशाचा किंवा नात्याचा संबंध आहे का?

४. यंत्र आमच्या मीटरवर, आमच्या माणसासमोर, तुम्ही हात न लावता चालवून दाखवाल का?

५. पैसे कशासाठी मागताय? वस्तू विकत घ्यायची, भागीदारी करायची की नुसता ‘बुकिंग अमाउंट’? नुकसान झालं तर कुणाचं? हे लिहून द्याल का?

खऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो उलट खूश होतो, कारण तपासणीतूनच त्याचा माल उजळतो. जो म्हणतो ‘विश्वास नाही का?’ किंवा ‘उद्या संधी जाईल’, त्याच्याकडे आपली अमानत सोपवण्याआधी इस्तिखाराही करा आणि चौकशीही.

ई-कॅटचं पेटंट मिळून बरीच वर्षं झाली. त्यात लिहिलेली माहिती जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला खुली आहे. तरी तटस्थ हातांनी तपासून खरा ठरलेला अणुहीटर आजवर कुणाच्या घरी लागलेला नाही. उद्या अल्लाहच्या मर्जीने असं काही खरंच सापडलं, तर ते मीटरवर दिसेल आणि वीजबिलातही दिसेल. तोपर्यंत घरातला पैसा घरातच राहू द्या.